खांब तिथे कशाला होता?

गोव्यात मोटारींची शर्यत भरवावी की नाही, या वादात दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकून मन खिन्न होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादेत हुसेनसागराच्या काठाने विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. २०२४ मध्ये चेन्नईत शहराच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. मग गोव्याचं नाव निघालं आणि मुरगावात बोगदा परिसरातल्या रस्त्यांची चर्चा सुरू होताच तिथले लोक विरोधात उभे राहिले. शर्यतीच्या बाजूचे म्हणतात, पर्यटक येतील, पैसा येईल, विरोध करणारे प्रत्येक नव्या गोष्टीला विरोधच करतात. विरोधातले म्हणतात, आधीच रोज रस्त्यावर पोरं मरतायत, त्यात वेगाची पूजा कशाला? पहिल्या बाजूला मरणारी पोरं दिसतच नाहीत. दुसऱ्या बाजूला ती दिसतात, पण ती कशाने मरतात हे बघायची तिची तयारी नाही. वेगाचा हव्यास हे एकच उत्तर तिने आधीच धरून ठेवलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेगात असलेल्या माणसाला जिवंत कसं ठेवायचं, याचा गेल्या साठ वर्षांत जगात सर्वांत कसून विचार कुणी केला असेल तर तो शर्यतीच्या जगाने. तो विचार तिथे रुजवला फॉर्म्युला-वन या मोटारशर्यतीत तीन वेळा जगज्जेता ठरलेल्या जॅकी स्टुअर्टने. त्याचं सगळं आयुष्य एकाच मुद्द्यावर उभं आहे: माणूस चुकणारच, आणि चुकीची शिक्षा मरण असता कामा नये. गोव्याच्या रस्त्यांचा विचार याच मुद्द्यापासून सुरू व्हायला हवा आणि शर्यतीला परवानगी द्यायची की नाही, तेही यावरच ठरायला हवं.

स्टुअर्टचा जन्म ११ जून १९३९ चा, स्कॉटलंडमधल्या डंबार्टनशर भागातला. वडिलांचं गॅरेज होतं. थोरला भाऊ जिमी शर्यतीत उतरला आणि जखमी होऊन परतला, त्यामुळे धाकट्याने त्या वाटेला जाऊ नये अशी घरच्यांची इच्छा होती. शाळेत हा मुलगा मठ्ठ ठरला. त्याला डिस्लेक्सिया आहे हे कळायला चाळिशी उलटावी लागली, तेही स्वतःच्या मुलाची तपासणी झाली तेव्हा. शाळा लवकर सुटली आणि तो वडिलांच्या गॅरेजात लागला. हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने टिपण्यात तो इतका तरबेज होता की १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या ब्रिटिश संघातली जागा थोडक्यात हुकली. १९६४ मध्ये संघचालक केन टिरेल यांनी त्याच्या हाती गाडी दिली, १९६५ मध्ये बीआरएम संघाकडून तो फॉर्म्युला-वनमध्ये आला आणि त्याच वर्षी मोंझाला पहिली शर्यत जिंकला. ज्या मुलाला वर्गात ओळ वाचता येत नव्हती, त्याला पुढे जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाच्या जवळपास २३ किलोमीटरच्या वाटेवरचं एकेक वळण तोंडपाठ होतं.

१२ जून १९६६. बेल्जियममधला स्पा-फ्रँकोरशाँ. चौदा किलोमीटरचा हा मार्ग म्हणजे गावांना जोडणारे साधे रस्तेच होते. दोन्ही बाजूंना घरं, शेतं, तारा वाहून नेणारे खांब. पहिल्याच फेरीत पुढच्या भागात मुसळधार पाऊस कोसळत होता आणि तिकडे पोचेपर्यंत कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. ताशी २६० किलोमीटरच्या पुढच्या वेगात स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली, टेलिफोनच्या खांबावर आदळली आणि एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. टाकी फुटली, पेट्रोल त्याच्या अंगावर गळत राहिलं, स्टिअरिंगखाली पाय अडकले. जवळपास पंचवीस मिनिटं तो तसाच होता. त्याला सोडवायला ना डॉक्टर आला ना कुणी कर्मचारी. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोघांच्या गाड्याही तिथेच घसरल्या होत्या. त्या दोघांनी एका प्रेक्षकाच्या गाडीतला पाना मागून आणला, स्टिअरिंग उतरवलं आणि त्याला बाहेर काढलं. प्रथमोपचार केंद्रात त्याला जमिनीवर ठेवलं होतं, आसपास सिगारेटची थोटकं पडलेली होती. तिथून लिएजच्या इस्पितळाकडे निघालेली अँब्युलन्स वाट चुकली.

या घटनेकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. पावसात गाडी आवरली नाही, ड्रायव्हरचा ताबा सुटला, चूक त्याची. हे खरंच आहे. गाडी तोच चालवत होता आणि त्या पावसात तिथून सुखरूप पार झालेलेही होते. दुसरी तऱ्हा म्हणजे एकेक प्रश्न विचारत जाणं. पुढे पाऊस आहे हे सांगणारी सोय का नव्हती? जिथे गाडी घसरण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच रस्त्याला खेटून खांब का होता? पेट्रोलची टाकी इतक्या सहज का फुटली? पाना प्रेक्षकाकडे मागावा का लागला? अँब्युलन्सवाल्याला इस्पितळाची वाट का माहीत नव्हती? पहिल्या तऱ्हेने तपास एका वाक्यात आटोपतो आणि पुढच्या वर्षी त्याच खांबावर दुसरा कुणी आदळतो. स्टुअर्टने दुसरी तऱ्हा धरली.

स्पाचा खांब हा काही अपवाद नव्हता. आपला गोवा ज्यांच्या ताब्यात होता त्या पोर्तुगालमध्ये १९५८ ते १९६० या काळात पोर्तो आणि लिस्बन शहरांच्या रस्त्यांवर फॉर्म्युला-वनच्या शर्यती होत. पोर्तोला गाड्या ट्रामच्या रुळांवरून आणि दगडी फरसबंदीवरून धावत. १९५९ मध्ये लिस्बनच्या मोंसांतो मार्गावर जॅक ब्रॅबॅमची गाडी तारेच्या खांबाला धडकली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. मागून येणारी गाडी त्याला जेमतेम चुकवून गेली. ब्रॅबॅम वाचला आणि त्याच वर्षी जगज्जेता झाला. खांब तिथे कशाला होता, हे विचारायची तेव्हाची रीत नव्हती. मरण खेळाचा भाग मानलं जायचं.

इस्पितळातून बाहेर आल्यावर स्टुअर्टने पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. स्टिअरिंगशेजारी एक पाना चिकटपट्टीने लावून ठेवला. मग स्वतःच्या पैशाने डॉक्टर बरोबर न्यायला सुरुवात केली. मग मागण्या आल्या: सीटबेल्ट, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, वळणाबाहेर मोकळी जागा, कठडे, आग विझवणारी पथकं, जागेवर वैद्यकीय सोय. आज वाचताना यातली एकही मागणी अतिरेकी वाटत नाही. तेव्हा मात्र आयोजक चिडले, मार्गांचे मालक चिडले. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे नामवंत बातमीदार डेनिस जेन्किन्सन यांच्यासारख्यांनी तर या ड्रायव्हरने खेळातलं पौरुषच घालवलं अशा सुरात लिहिलं. ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं, असा एकूण सूर होता.

त्या आरोपाला उत्तर द्यायला त्याच्याकडे शब्दांहून ठोस काहीतरी होतं. १९६८ ची जर्मन शर्यत न्युर्बुर्गरिंगवर झाली. धुकं इतकं की पुढची गाडी दिसेना, वर संततधार. स्टुअर्टच्या मनगटाला दुखापत झालेली होती आणि हात आधाराच्या पट्ट्यात बांधलेला होता. तो ती शर्यत चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. फॉर्म्युला-वनमध्ये सेकंदाच्या अंशाअंशावर निकाल लागतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या चार मिनिटांचा अर्थ कळतो. भित्र्या माणसाला हे जमेल का? १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन विजेतेपदं, ९९ शर्यतींत २७ विजय. सर्वाधिक विजयांचा त्याचा विक्रम १९८७ पर्यंत टिकला, मग अलां प्रोस्टने तो मोडला. बेल्ट मागणारा माणूस आणि धुक्यात चार मिनिटं पुढे असणारा माणूस एकच होता. वेग आणि सावधगिरी एकमेकींच्या वैरिणी आहेत, असं मानणाऱ्या दोन्ही बाजूंनी या एका शर्यतीचा नीट विचार करावा.

या काळात मित्र मरत होते. १९६८ च्या एप्रिलमध्ये जिम क्लार्क गेला. १९७० च्या जूनमध्ये पिअर्स करेज गेला, सप्टेंबरमध्ये मोंझाला योखेन रिंट गेला आणि त्या वर्षीचं विजेतेपद मेलेल्या माणसाला द्यावं लागलं. १९७३ मध्ये झांडफोर्टला रॉजर विल्यमसन उलट्या गाडीखाली जळत होता. डेव्हिड पर्ली हा दुसरा ड्रायव्हर आपली गाडी थांबवून एकटा ती उलटवू पाहत होता आणि आजूबाजूला उभ्या कर्मचाऱ्यांकडे आगीजवळ जायचे कपडे नव्हते. त्याच वर्षी स्टुअर्टने मोसमाअखेर निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. ६ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला सरावात त्याचा सहकारी फ्रांस्वा सेव्हेर मेला. पुढच्या वर्षी ज्याच्या हाती संघ सोपवायचा, तो हाच. टिरेल संघाने माघार घेतली आणि स्टुअर्टची शंभरावी शर्यत झालीच नाही.

सेव्हेरच्या मृत्यूत माझ्या बाजूला अडचणीचा ठरेल असा एक मुद्दा आहे. त्याची गाडी ज्यावर आदळली तो लोखंडी कठडा होता, म्हणजे सुरक्षेच्या नावानेच उभारलेली गोष्ट. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्याच मार्गावर हेल्मुट कोइनिग कठड्यात घुसून मेला. कठड्याची खालची पट्टी नीट बसवलेलीच नव्हती. मग सुरक्षेचा हा सगळा आग्रह फोल म्हणायचा का? मला वाटतं, यातून नेमकं उलट निघतं. कठडा लावला म्हणजे काम झालं असं नसतं. तो किती उंच, कसा बांधला, त्याचं टोक कुठे संपतं, तो गाडीला वळवतो की चिरतो, हे कुणीतरी जबाबदारीने बघायला लागतं. गोव्याच्या महामार्गांवर कठड्यांची उघडी टोकं वाहनांकडे तोंड करून उभी दिसतात तेव्हा वॉटकिन्स ग्लेन फार लांब वाटत नाही.

ड्रायव्हर एकत्र आले आणि त्यांनी पळायलाच नकार दिला, तेव्हा गोष्टी हलल्या. १९६९ मध्ये स्पाची शर्यत सुधारणा न झाल्याने रद्द झाली. १९७० मध्ये न्युर्बुर्गरिंगला नकार मिळाला आणि शर्यत हॉकेनहाइमला गेली. काम झाल्यावर १९७१ मध्ये ती परत आली, आणि जिंकला स्टुअर्टच. जुना स्पा १९७० नंतर यादीतून गेला तो १९८३ मध्ये निम्म्या लांबीचा होऊन परतला. १९७८ मध्ये मोंझाच्या सुरुवातीच्या धडकेनंतर रॉनी पेटरसन दगावला, तेव्हा फॉर्म्युला-वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे असा नियम करवून घेतला. १९९४ मध्ये इमोलाला दोन दिवसांत रोलांड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले, मग मार्ग आणि गाड्या पुन्हा तपासल्या गेल्या. २०१८ मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हॅलो नावाची धातूची कमान आली. त्याही वेळी खेळाची शोभा गेली अशी ओरड झाली. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनला रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, भडका उडाला. तो स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. पहिलीच फेरी होती, आणि डॉक्टरची गाडी काही क्षणांत तिथे हजर होती. स्पालाही पहिलीच फेरी होती. चूक तर ग्रोजाँचीच होती, तो दुसऱ्या गाडीसमोर आडवा गेला होता. फरक पडला तो चुकीनंतर काय होतं यात.

आता आपल्याकडे येऊ. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. अलीकडच्या काळात दरवर्षी अडीचशे ते तीनशे माणसं इथल्या रस्त्यांवर मरतात, त्यात बहुतेक दुचाकीवरची. देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली. सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी येते: स्वयंअपघातात युवक ठार, दुचाकीवरील ताबा सुटून खांबाला धडक. पोलीस पंचनामा करतात, शव बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातं, गावात दोन दिवस हळहळ. कुणी म्हणतं दारू प्यायला असेल, कुणी म्हणतं हल्लीच्या पोरांना वेगाची नशा. खांब तसाच उभा राहतो. पुढच्या पावसाळ्यात त्या वळणावर गवत पुरुषभर वाढतं, समोरचं दिसेनासं होतं. रात्री रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली असतात. गतिरोधकाचा पांढरा रंग पहिल्या सरींत धुऊन गेलेला असतो. रस्ता रुंद होतो पण साकव जुन्याच रुंदीचा राहतो, आणि चौपदरीवरून आलेली गाडी अचानक त्याच्या कठड्यासमोर येते. फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण, कुठल्याही तालुक्यातल्या माणसाला विचारा, आपल्या भागातली मारकी वळणं तो बोटावर मोजून सांगेल. करमल घाट तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. गावाला जे ठाऊक असतं ते खात्याला ठाऊक नसतं, असं कसं मानायचं?

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा इथे येतो आणि तो मी टाळणार नाही. गोव्यात बेदरकारपणा आहे, भरपूर आहे. मिरामार-दोनापावलच्या सरळ रस्त्यावर रात्री गाड्या कशा सुटतात हे तिथे राहणाऱ्यांना विचारावं. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावर एका महागड्या भरधाव गाडीने तिघांचा जीव घेतला. त्या दिवशी सारा गोवा रस्त्यावर उतरला तो राग खरा होता आणि योग्यही होता. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर रस्त्याच्या रचनेवर व्याख्यान देणं निर्दयपणाचं होईल. असा गुन्हा करणाऱ्याला कठोर शिक्षा हवी, लवकर हवी, आणि त्याची गाडी किती लाखांची आहे हे न बघता हवी. यावर माझा कुणाशी वाद नाही.

पण त्या रागाच्या भरात आपण वर्षभरातल्या सगळ्याच मृत्यूंना बाणस्तारीच्या साच्यात घालतो. रात्रपाळी संपवून वेर्ण्याच्या कारखान्यातून घरी निघालेला पोरगा पेंगतो आणि दुभाजकावर चढतो, तो गुन्हेगार आहे का? पावसात खड्डा चुकवताना घसरलेली बाई? अंधारात बसलेल्या म्हशीवर आदळलेला पायलट, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाला? यांतल्या कुणालाही तालांव, म्हणजे दंडाची पावती, देऊन काय साधणार? थकणं, दचकणं, अंदाज चुकणं हे माणसाच्या स्वभावातच आहे. कोणत्याही दंडाने ते जात नाही. स्टुअर्ट स्वतः शिस्तीचा किती कडक! बेल्ट, हेल्मेट सक्तीचं करा म्हणणारा तोच. शिस्त आणि रस्ता यांतलं एक निवडायची वेळ त्याने कधी आणलीच नाही. आपण मात्र शिस्तीचं नाव घेऊन रस्त्याचा हिशेब मागायचंच सोडून दिलं आहे.

दुसरा आक्षेपही विचार करण्याजोगा आहे. शर्यतीतला ड्रायव्हर धोका पत्करून आलेला असतो, त्याला प्रशिक्षण असतं, त्याच्या मागे करोडोंचा पैसा असतो. गावच्या रस्त्यावर चालत जाणाऱ्या म्हातारीने काही पत्करलेलं नसतं. तिथले उपाय इथे कसे लागू होतील? मला तर वाटतं, याच कारणाने ते इथे जास्त लागू होतात. ज्याने धोका आपणहून अंगावर घेतला त्यालाही चुकीसाठी मरू द्यायचं नाही असं जर शर्यतीचं जग म्हणतं, तर ज्याने घेतलेलाच नाही त्याचा हक्क त्याहून मोठा. पैशाचं म्हणाल तर स्टुअर्टचा पहिला उपाय एक पाना आणि चिकटपट्टी होता. वळणावरचं गवत पावसाळ्यात वेळेवर कापणं, खांब चार हात मागे घेणं, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावणं, गतिरोधक रंगवणं, कठड्याचं टोक जमिनीत वळवणं, गुरांचा बंदोबस्त करणं, यांतलं काय न परवडणारं आहे? उड्डाणपुलांना लागणारा पैसा मिळतो, मग यालाच तो मिळत नाही हे मला पटत नाही. पैशापेक्षा जाब विचारणारा कमी पडतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल सुरक्षेच्या निकषांप्रमाणे झाली नाही आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आलं, तर अधिकारी, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मोठं आहे. तुमच्या तालुक्यात हे कलम कधी कुणाला लागल्याचं ऐकलंत?

रस्ते सुरक्षित केले की लोक आणखी बेफाम होतील, असं म्हणणारेही आहेत. त्यांना मी आपल्याच किनाऱ्यांकडे बघायला सांगेन. बागा, कळंगुट, कोलवा, पाळोळे इथे पर्यटक बुडायचे तेव्हा आपली प्रतिक्रिया ठरलेली असायची: दारू पिऊन पाण्यात उतरतात, सांगून ऐकत नाहीत, मरतात. यातला शब्द अन् शब्द खरा होता. तरीही २००८ मध्ये सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले, मनोरे उभे केले, लाल-पिवळे बावटे लावले. बुडणाऱ्यांची संख्या झपाट्याने खाली आली. पर्यटक शहाणे झाले का? नाही. आजही पिऊन उतरतात, लाल बावटा दिसत असताना उतरतात, आणि कुणीतरी पोहत जाऊन त्यांना ओढून आणतं. जीवरक्षकांमुळे लोक जास्त बुडतात, असं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. समुद्रात मूर्खपणा करणाऱ्या परक्या माणसाला जगण्याची दुसरी संधी आपण देतो. मग गवतामागून आलेला ट्रक न दिसलेल्या आपल्याच पोराला ती नाकारताना त्याला शिस्तीचा धडा का ऐकवतो?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, दोघेही गेले. देशभर मागच्या बेल्टची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तिथे रस्ता आक्रसून पुलाचा काँक्रीटचा कठडा थेट गाडीच्या वाटेत येत होता, हा तपासात पुढे आलेला मुद्दा किती जणांच्या लक्षात राहिला? एवढ्या मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतरही आपण अर्धाच प्रश्न विचारला. तिथे डिचोलीच्या एखाद्या अनामिक पोरासाठी पूर्ण प्रश्न कोण विचारणार?

राहिला शर्यतीचा प्रश्न. विरोधकांची एक भीती मला पूर्ण मान्य आहे: रस्त्यावरच्या शर्यतीत नुसता ड्रायव्हरच मरतो असं नाही. १९५५ मध्ये ल मान्सला गाडीचे तुकडे गर्दीत घुसून ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले आणि स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली. १९५७ च्या इटलीतल्या मिले मिल्यात रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण मेले, त्यांत मुलं होती. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही. आणि हे फार जुनं आहे असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मार्गावर मोटरसायकल शर्यतीत अवघ्या १३ वर्षांचा मुलगा गेला. शर्यतीचं जग कायमचं शहाणं झालंय असा दावा मी करणार नाही. ते प्रत्येक वेळी कुणीतरी भांडल्यावरच शहाणं झालं आहे.

पण शर्यतीने पोरं बिघडतील, हा मुद्दा मात्र मी मान्य करत नाही. मिरामारला रात्री गाडी पळवणाऱ्या पोराने फॉर्म्युलाची शर्यत पाहिली नाही म्हणून तो सुधारलेला नाही. उलट, शर्यतीत उतरण्याआधी वैद्यकीय तपासणी होते, गाडीची तपासणी होते, बेल्ट, हेल्मेट, आगीपासून वाचवणारे कपडे नसतील तर गाडी जागची हलू दिली जात नाही, पाऊस वाढला की लाल बावटा दाखवून सगळं थांबवलं जातं, हे त्या पोराने जवळून पाहिलं तर त्याचं काय नुकसान? वेगाला स्वतःची जागा असते आणि त्या जागेबाहेर तो मूर्खपणा असतो, हे त्याला समजावणारा दुसरा कोण आपल्याकडे आहे?

म्हणून शर्यत भरवणारे परवानगी मागायला येतील तेव्हा ग्रामसभेने पर्यटनाचे आकडे बाजूला ठेवावेत आणि स्टुअर्टचे प्रश्न विचारावेत. मार्गाच्या बाहेर मोकळी जागा किती आहे? नसेल तर कठडे कोणत्या दर्जाचे, आणि ते बसवल्यावर तपासणार कोण? प्रेक्षक किती लांब उभे राहणार? मुरगावसारख्या अरुंद टेकडीवर रस्ते बंद असताना एखाद्या घरात कुणाला छातीत दुखू लागलं तर १०८ ची गाडी कोणत्या वाटेने येणार आणि बांबोळीला किती वेळात पोचणार? पाऊस आला तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हातात, आणि तो माणूस आयोजकाच्या पगारावर आहे का? यांतल्या एकाही प्रश्नाचं लेखी उत्तर नसेल तर परवानगी नको, मग कितीही मोठा खेळाडू येणार असो. आणि उत्तरं मिळाली, दोन दिवसांच्या शर्यतीसाठी सरकारने खांब हलवले, डांबर गुळगुळीत केलं, रुग्णवाहिका उभ्या केल्या, तर त्याच ग्रामसभेने लगेच दुसरा ठराव मांडावा: हेच काम आमच्या मारक्या वळणांवर कधी सुरू करता, त्याची तारीख लिहून द्या, आणि आमच्या रस्त्यावर मेलेल्या प्रत्येक माणसाच्या अपघाताची रस्त्यासकट चौकशी करून तिचा अहवाल पंचायतीच्या फलकावर लावा.